‘बारा चाळीस’ : पहिल्या नऊ मिनिटांच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२५

लघुपट सव्वीस मिनिटांचा. विज्ञानकथा, मुंबईच्या किनाऱ्यावर घडणारी. या नोंदी फक्त सुरुवातीच्या नऊ मिनिटांच्या कामापुरत्या. गोष्टीचं बीज असं: पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री बारा चाळीसला भरती पूर्ण व्हायची असते. बारा चाळीस होऊन जातात आणि पाणी चढतच राहतं. कारण अठराव्या मिनिटाला कळतं, त्याआधी नाही.

पहिल्या खर्ड्यात सुरुवातीलाच रेडिओवर बातमी होती. ती काढली. बातमी आली की प्रेक्षक आयतं ऐकून घेतो, स्वतः शोधायचं थांबवतो. पण बातमी काढल्यावर खरी अडचण समोर येते. मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्या बहुतेकांनाही आज भरती किती वाजता आहे हे ठाऊक नसतं. त्यांना चढतं पाणी दाखवलं तर ते म्हणणार, भरती आहे. नियम मोडला हे कळायला नियम आधी ठाऊक हवा. म्हणून पहिल्या साडेतीन मिनिटांचं काम एकच: पाणी ठरल्या वेळी उतरतं हे प्रेक्षकाला इतकं पक्कं करून देणं, की बारा चाळीसनंतर त्यानेच घड्याळाकडे बघावं.

नियम संवादातून सांगायचा नाही. केदारच्या तोंडी (रात्रपाळीत पाण्याची नोंद घेणारा मुलगा) एक ओळ होती: अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही. माहिती खरी आणि सुंदर आहे, पण सुरुवातीत घातक. पात्र स्वतःच ‘असं कधी होत नाही’ म्हणालं की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. ओळ विसाव्या मिनिटाकडे सरकवली.

आज एकत्र बसून १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मधलं विमान नियंत्रण कक्षाचं दृश्य पुन्हा पाहिलं. आकाशात काय आहे ते दाखवतच नाहीत. रडारचा पडदा, वैमानिकांचे आवाज, आणि एकेक करून नियंत्रकाच्या मागे जमत जाणारे सहकारी. शेवटी वैमानिकांना विचारतात, अनोळखी वस्तू दिसल्याची नोंद करायची का, आणि ते नको म्हणतात. माणसं कामात मुरलेली आहेत, आवाज चढवत नाहीत, म्हणून भीती वाटते. आपल्या सुरुवातीतही कोणी ओरडणार नाही, धावणार नाही.

२४ नोव्हेंबर

पाण्याचा हिशेब. हा चुकला तर बाकी सगळं व्यर्थ.

मुंबईत दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून तीच भरती रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे जाते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पूर्ण भरती. हा हिशेब छापील तक्त्याशी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आपल्या गोष्टीसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाणी वीस मिनिटं उशिरा उतरलं तर तिथीवर चालणाऱ्या माणसाला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. म्हणून फलकावर (केदार ज्यावर रोजच्या भरतीची वेळ लिहितो) छापील तक्त्यातली नेमकी वेळ हवी, आणि पाणी त्या वेळेपासून निदान तासभर चढत राहायला हवं.

आता मुख्य युक्ती. पाणी बनावट करायचं नाही. पंचमीच्या रात्री भरती पहाटे साडेतीन-पावणेचारच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे बारा चाळीसला पाणी खरोखरच चढत असतं, आणि सर्वात वेगाने चढत असतं. त्या रात्री चित्रीकरण करायचं, फलकावर मात्र पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्रीची वेळ लिहायची. घड्याळ खरं, पाणी खरं, फक्त तारीख दुसरी. संगणकावर पाणी वाढवण्याचा खर्च शून्य.

वेग काढण्यासाठी बाराव्या भागांचा ठोकताळा: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग चढतं. पंचमीला चढउतार तीन मीटरच्या आसपास धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाऊण मीटर, म्हणजे मिनिटाला सव्वा सेंटिमीटर. धक्क्याची पायरी १८ सेंटिमीटरची. एक पायरी बुडायला १४ ते १५ मिनिटं. हा आकडा सगळ्या चित्रीकरणाचा कणा आहे.

सपाट वाळूचा किनारा मुद्दाम टाळला. तिथे तेवढ्याच चढावाला पाणी आडवं खूप धावतं, कॅमेरा सतत मागे न्यावा लागतो, आणि लाटेच्या पुढे-मागे होण्यात चढ दिसतच नाही. पायऱ्या मोजता येतात.

३० नोव्हेंबर

कोणाला काय कधी कळतं, याचा तक्ता भिंतीवर लावला. चार दृश्यं.

दृश्य १ (०:०० ते २:२०): पौर्णिमेची रात्र. फलकावर भरती ११:५५. मावशी, इथे होडी बांधणारी म्हातारी, धक्क्यावर बसलेली. पाणी थांबतं, उतरू लागतं. ती होडीचा दोर नीट करून उठते आणि घरी जाते.

दृश्य २ (२:२० ते ३:४०): दुसरा दिवस. केदार फलक पुसून १२:४० लिहितो.

दृश्य ३ (३:४० ते ७:३०): तीच जागा, तीच चौकट. बारा चाळीस उलटतात. मावशी उठत नाही.

दृश्य ४ (७:३० ते ९:००): दोर. मग चित्रपटाचं नाव.

मावशीचं बसणं हाच नियम. तिला बसायला खरं कारण हवं, नाहीतर ती नुसती गूढ म्हातारी होईल आणि तसली पात्रं फार झाली. कारण कामातलं आहे: तिची होडी धक्क्याच्या खालच्या कडीला बांधलेली. पाणी चढेल तसा दोर सोडत जावं लागतं, भरती पूर्ण झाली की शेवटची गाठ मारून मोकळं व्हायचं. त्या दोघांत एवढंच बोलणं ठेवलं:

“मावशी, झोपायचं नाही का?”

“पानी उतरू दे रे, मग जाते.”

पहिल्या दृश्यात ही ओळ साधी वाटते. तिसऱ्या दृश्यात तीच बाई तिथेच बसलेली दिसते, आणि एक शब्दही न बोलता प्रेक्षकाला कळतं की पाणी उतरलेलं नाही.

तिसऱ्या दृश्यात प्रेक्षक केदारच्या किंचित पुढे हवा. केदार चौकीत पाठमोरा, चहा गाळतोय. पायरी आपल्याला दिसते, त्याला नाही. दोघांना एकाच वेळी कळलं तर फक्त आश्चर्य वाटेल. प्रेक्षकाला आधी कळलं आणि केदारला अजून नाही, या मधल्या वेळातच ताण साठतो. हा मधला वेळ चाळीस सेकंदांचा धरला आहे, संकलनात ठरेल.

२ डिसेंबर

अलिबागचा धागा सुरुवातीतून काढला. पटकथेत सहाव्या मिनिटाला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतली नोंद त्याच क्षणी हललेली दिसत होती. जागा गोष्टीला चपखल आहे. कुलाब्याची वेधशाळा विजेच्या ट्राममुळे चुंबकीय मोजणी बिघडेल म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नेली गेली, आणि १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद कुलाब्यात झालेली आहे. तरीही सुरुवातीत नको. एका ठिकाणी एक गोष्ट बिघडली की प्रेक्षक विचारतो, हे काय चाललंय? दोन ठिकाणी दोन उपकरणं हलली की तो लगेच समान कारण शोधतो, अवकाशातून काहीतरी येतंय असं ठरवतो आणि पुढे फक्त आपलं उत्तर बरोबर आलं का ते बघत बसतो. पहिली नऊ मिनिटं एकच धक्का, एकच पाणी.

९ डिसेंबर

जागेची पाहणी. वर्सोवा, वरळी, माहीम. वर्सोव्याला धावपट्टीवरून पश्चिमेला उडणारी विमानं जवळ, आवाजाला त्रास. वरळीला मागे दिव्यांची गर्दी, काळोख मिळत नाही. माहीमची बाजू घेतली. दूर वांद्रे-वरळी सागरी सेतूचे दिवे एका रेषेत दिसतात, ते चौकटीच्या वरच्या कडेला ठेवले की क्षितिज कुठे आहे ते काळोखातही कळतं. शिवाय माहीम-वांद्र्याच्या मधल्या खाडीवरून जाणारी लोकल रात्री ऐकू येते. मध्यरात्रीनंतर शेवटची गाडी गेली की पहाटेपर्यंत काही नाही. हे आपोआप मिळणारं घड्याळ आहे.

या पाहणीत मिळालेली सर्वात मोलाची गोष्ट पायरीवर होती. पाणी चढत असतं तेव्हा पाण्याच्या रेषेवरची पायरी कोरडी असते, लाटेने भिजलेला अरुंद काठ सोडला तर. पाणी उतरत असतं तेव्हा रेषेच्या वर हातभर ओला, चकाकणारा पट्टा राहतो. नुसत्या एका चित्रावरून पाणी चढतंय की उतरतंय हे सांगता येतं. पहिल्या दृश्यात हा ओला पट्टा जवळून, सावकाश दाखवायचा. तिसऱ्यात त्याच चौकटीत कोरडा दगड, आणि त्यावर चढणारी काळी कड. चित्र उलटं फिरवून पाणी चढवायची वाटही यामुळेच बंद होते: उतरत्या पाण्याचं चित्र उलटं केलं तर पाणी आधीच ओल्या दगडावर चढताना दिसेल.

दुसरी खूण होड्यांची. एकाच दोरावर नाळेने (पुढच्या टोकाने) बांधलेल्या होड्या प्रवाहाकडे तोंड करतात. भरतीत नाळ समुद्राकडे, पाणी फिरलं की होड्या सावकाश वळून नाळ जमिनीकडे करतात. पहिल्या दृश्यात हे वळणं दाखवायचं, तिसऱ्यात त्या वळत नाहीत. वारा जोरात असेल तर होड्या वाऱ्याचं ऐकतात, म्हणून हा शॉट वारा पडलेल्या रात्रीच.

धोका: भिंतीवर उधाणाच्या भरतीची जुनी काळी खूण आणि शिंपले आहेत. पंचमीला बारा चाळीसला पाणी त्या खुणेच्या बरंच खाली असणार. रुंद चौकटीत ते लगेच उघडं पडेल. म्हणून रुंद शॉट सगळे ३ जानेवारीला, पौष पौर्णिमेच्या रात्री, पाणी खुणेला टेकलेलं असताना. जवळचे शॉट ७ जानेवारीला. हिवाळ्यात मुंबईत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा उंच असते, ते आपल्या पथ्यावर पडतं.

परवानग्यांचे अर्ज महिनाभर आधी. किनारा, धक्का आणि पोलीस यांची कागदपत्रं वेगवेगळी. ड्रोन वगळला, हवाई मर्यादा आहेतच, आणि वरून पाहिलेला समुद्र या सुरुवातीला नकोच आहे. कोळीवाड्यातल्या मंडळींशी बोलून कोणत्या रात्री होड्या निघतात ते विचारून घेतलं.

१६ डिसेंबर

सामान. पाण्याची मोजपट्टी: १८ मिलिमीटर मरीन प्लाय, लांबी ४ मीटर, रुंदी १५ सेंटिमीटर. पांढरा मॅट रंग, दर १० सेंटिमीटरला काळी रेघ, पूर्ण मीटरला लाल देवनागरी आकडा. चकाकणारा इनॅमल वापरला तर ओल्या पट्टीवर दिवा परावर्तित होतो आणि आकडा दिसत नाही. कडांना तीन हात सीलर, नाहीतर थर सुटतात.

लाकूड तरंगतं, हे आधी हिशेबात धरावं लागतं. पट्टीचं आकारमान सुमारे १०.८ लिटर, वजन साडेसहा किलोच्या आसपास. अडीच मीटर पाण्यात गेली की उचल वजनाइतकी होते आणि पट्टी वर सरकू लागते. मग पाणी चढूनही आकडा तोच दिसतो. खाली १० किलो वजन, आणि भिंतीला दोन लोखंडी पकडी. पकडी सैल करून पट्टी वरखाली सरकवता यायला हवी, कारण चित्रीकरणाच्या रात्री बारा चाळीसला पाणी जिथे असेल तिथे ‘४.९’ (फलकावरची भरतीची उंची, मीटरमध्ये) आणायचा आहे. छापील तक्त्यातली उंची सागरी नकाशाच्या ठरावीक शून्य पातळीपासून मोजलेली असते. तुमच्या पायरीवरच्या खोलीशी तिचा थेट संबंध नाही. त्यामुळे पट्टी सरकवण्यात खोटं काही नाही, फक्त एकदा लावली की रात्रभर हलवायची नाही.

फलक: छापील तक्त्याचा कागद ठेवला होता, तो मोबाइलच्या पडद्यावर वाचताच येत नाही. काळा फळा केला, खडूने दोनच ओळी: भरती १२:४०, उंची ४.९. घड्याळ साधं, काट्यांचं, काच काढून. दोन टेकच्या मध्ये सेल काढून ठेवायचा, म्हणजे काटे जागेवर राहतात.

२२ डिसेंबर

प्रकाश. पाण्यावर समोरून दिवा टाकला की प्रकाश आत जातो आणि पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो. दिवा पाण्याच्या पलीकडे, कमी उंचीवर, कॅमेऱ्याच्या जवळजवळ समोर हवा. मग प्रत्येक लहानशी लाट कडेने उजळते. दोन एलईडी पट्ट्या पलीकडच्या होडीत, बॅटरीवर. पाण्यापासून पाच मीटरच्या आत घरगुती विजेची वायर नाही, फक्त १२ व्होल्ट. चौकीतल्या ट्यूबलाइटच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच).

सेकंदाला २४ फ्रेम, शटर १७२.८ अंश, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. १८० अंशांवर चित्रात हलकी धडधड येऊ शकते. स्वस्त एलईडी बल्ब मात्र यानेही सुधारतील असं नाही, ते आधी तपासूनच लावायचे. चौकीत जुनी ट्यूबच ठेवली. तिचा हिरवट रंग पूर्ण दुरुस्त करायचा नाही. सरकारी चौकी तशीच दिसते, आणि दृश्य ओळखीचं जितकं वाटेल तितकं पाण्याचं वागणं परकं वाटेल.

जानेवारीच्या रात्री दमट हवेत थंड लेन्सवर वाफ धरते. गाडीच्या एसीतून कॅमेरा काढला की पेटी बंद ठेवून अर्धा तास बाहेर, मगच उघडायचा.

४ जानेवारी २०२६

रुंद शॉट झाले. पाणी बाराच्या पुढेमागे खुणेला टेकलं. भरतीच्या टोकाला पाणी साधारण वीस मिनिटं हललेलं डोळ्यांना कळत नाही, ते सगळं एकसलग घेतलं. होड्या वळल्या त्या क्षणी वारा जवळजवळ नव्हता. एक होडी उलट बाजूने वळली, तोच टेक ठेवणार; सगळ्या एकसारख्या वळल्या तर मांडणी केल्यासारखं दिसतं.

८ जानेवारी

मुख्य रात्र. ओहोटी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास, उपयोगाचा काळ पावणेबारा ते पावणेदोन. या दोन तासांत आठ पायऱ्या मिळतात, म्हणजे ‘पायरी बुडते’ हा शॉट जास्तीत जास्त आठदा. गेलेली पायरी परत येत नाही. म्हणून क्रम पाण्याने ठरवला, पटकथेने नाही: आधी पायरीचे आणि पट्टीचे सर्व जवळचे शॉट, मध्ये मावशी, आणि केदारचे चौकीतले शॉट पाऊण वाजल्यानंतर केव्हाही.

पायरीचा शॉट अचल कॅमेऱ्यावर, ८५ मिलिमीटर लेन्स, पूर्ण पंधरा मिनिटं न थांबवता. तिपाईचे पाय ओल्या शेवाळावर सरकतात, खाली रबरी पत्रे आणि वर वाळूची पिशवी. लाटेचे शिंतोडे फिल्टरवर येतात. गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने आधी मीठ टिपायचं, मग कोरडं कापड. कोरड्याने थेट पुसलं तर ओरखडे.

एक अडचण अशी की जवळून जाणाऱ्या होडीच्या लाटेने कोरडी पायरी वेळेआधी भिजते आणि मग ओला पट्टा दिसून अर्थ उलटा होतो. अशी पायरी सोडून वरच्या पायरीकडे जायचं, दगड सुकण्याची वाट बघत बसायचं नाही. जानेवारीच्या दमट रात्री तो सुकत नाही.

दोराचा शॉट भरतीवर सोडला नाही. होडीला चौकटीबाहेरून दुसरा, नायलॉनचा दोर बांधून हळूहळू ओढली, म्हणजे समोरचा दोर ताणत जातो. नायलॉन ताणाखाली तुटला तर चाबकासारखा मागे येतो, त्यामुळे दोराच्या रेषेत कोणीही उभं नव्हतं, आणि ओढणारे दोघे बाजूला. चौकटीत दिसणारा दोर काथ्याचा, जाड, जुना. ताण आला की त्यातून आधी पाणी पिळून निघतं, थेंब थेंब पडतं, मग तंतू एकेक करून उभे राहतात. हा सगळा प्रकार चाळीस सेकंदांत होतो आणि त्यात कुठेही कट घालायची गरज नाही.

२३ जानेवारी

राहिलेले शॉट काल रात्री. पाण्याची वेळ पंधरवड्याने परत जुळते, पण चंद्र जुळत नाही. ७ तारखेला कृष्ण पक्षातला चंद्र साडेदहाच्या सुमारास उगवून पाण्यावर मंद चमक होती. काल शुक्ल पक्षातली चंद्रकोर मध्यरात्रीच्या बऱ्याच आधी मावळलेली. चमक जुळवायला एक एलईडी पॅनल लांब, इमारतीच्या गच्चीवर, अगदी मंद. जवळून लावला तर सावल्या कडक होतात आणि लगेच कळतं.

२७ जानेवारी

संकलन. पायरीचा पंधरा मिनिटांचा शॉट पडद्यावर तीन तुकड्यांत: ७ सेकंद, ५ सेकंद, ११ सेकंद, मध्ये इतर शॉट. तिन्हींची चौकट तीच. विरघळणारा कट (एक चित्र विरत दुसरं उमटतं तो) वापरला नाही. तो ‘वेळ गेला’ असं सांगून ताण सैल करतो. वेगवान टाइमलॅप्सही करून पाहिला, काढला. त्यात पाणी देखावा बनतं आणि मिनिटामिनिटाचं वजन जातं.

घड्याळ दोनदाच: १२:३८ आणि १२:४४. १२:४० चा काटा दाखवत नाही, तो प्रेक्षक मनात धरून बसलेला असतो. १२:४४ नंतर घड्याळ पुन्हा येत नाही. तिथून वेळ पायऱ्यांनी मोजायची.

केदार मागे वळण्याआधीचा मधला वेळ चाळीस सेकंदांवरून एकोणतीसवर आणला. जास्त ठेवला की प्रेक्षकाला तो मुलगा मंद वाटतो, आणि पात्राविषयी आदर गेला की त्याच्यासाठी भीतीही जाते.

३ फेब्रुवारी

ध्वनी. कुठेही धडामकन शांतता करायची नाही, ती ध्वनिपट्टी तुटल्यासारखी वाटते. बारा चाळीसनंतर एकेक थर वीस सेकंदांत उतरवत नेला: आधी दूरची रहदारी, मग कुत्रे, मग चौकीतला पंखा. धक्क्यावरची मोकळी हवा, जी त्याच रात्री मिनिटभर वेगळी ध्वनिमुद्रित केली होती, ती शेवटपर्यंत खाली राहते. शेवटची लोकल १२:४४ च्या शॉटवर. ती गेल्यावर पाण्याचा पायरीवरचा चपचप आवाज पहिल्यांदा स्पष्ट होतो.

संगीताऐवजी ४० हर्ट्झचा खर्ज घातला होता. सभागृहात तो छातीत जाणवतो, मोबाइलच्या स्पीकरवर पूर्ण गायब, आणि हा लघुपट बहुतेक जण मोबाइलवरच बघणार. त्याच खर्जाचे वरचे स्वर, ८०, १२०, १६० आणि त्यापुढचे, हलके मिसळले. मूळ स्वर वाजत नसला तरी कान तो भरून काढतो. दोराची कुरकुर काथ्याचा दोर लाकडी खुंट्यावर पिळून केली.

९ फेब्रुवारी

ज्यांनी पटकथा वाचलेली नाही अशा प्रेक्षकांना दाखवून दोन ठिकाणी थांबवलं. ३:४० ला प्रश्न: आज पाणी किती वाजता उतरायला लागणार? बऱ्याच जणांनी ‘रात्री’ म्हटलं, वेळ सांगता आली नाही. म्हणजे नियम पोचलेला नाही. फळ्यावर १२:४० लिहितानाचा शॉट २ सेकंदांवरून साडेतीन केला, खडूचा आवाज वाढवला, आणि आधीचे ११:५५ पुसताना ते पूर्ण वाचता येतील एवढा वेळ हात उशिरा येतो असा टेक निवडला. नव्या प्रेक्षकांनी वेळ अचूक सांगितली.

७:३० ला प्रश्न: मावशी का उठत नाही? काही जण म्हणाले, ती मेलीय. स्थिर बसलेली म्हातारी व्यक्ती, मागून प्रकाश, लांबचा शॉट: पडद्यावर याचा तोच अर्थ लागतो. ज्या टेकमध्ये ती दोराचं वेटोळं हातात सरकवत असते तो घातला. हात चालू, नजर पाण्यावर. आता उत्तरं येतात: पाणी उतरण्याची वाट बघतेय.

काहींना नावाआधी केदारच्या चेहऱ्यावर भीती हवी होती. ती दिलेली नाही. दृश्य ४ मध्ये तो पट्टीवर टॉर्च मारतो, ५.३ वाचतो, वहीत ५.३ लिहितो, आणि वेळेच्या रकान्यात पेन टेकवून थांबतो. मग दोर, मग नाव.

१२ फेब्रुवारी

नऊ मिनिटं दोन सेकंद, लॉक केलं. रंगकाम बाकी: ८ आणि २३ जानेवारीच्या पायरीचा दगड जुळत नाही, २३ चा किंचित निळा आहे. दृश्य ५ साठी पुन्हा तोच धक्का लागणार. ३ मार्चला फाल्गुनी पौर्णिमा, होळीच्या दिवसांत कोळीवाड्यात चित्रीकरण ठेवायचं नाही. त्यानंतरची चतुर्थी-पंचमी, ७ आणि ८ मार्चची रात्र धरली आहे. पट्टीच्या पकडी गंजल्या आहेत, त्याआधी बदलायच्या.